भट्टीचं दार

मिस्त्रीच्या घरात कायमचं असं काही नव्हतं. न्हाणीघराच्या दाराला कडीऐवजी तारेचा आकडा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा चौथा पाय विटेवर उभा होता. खिडकीचं एक तावदान पुठ्ठ्याचं होतं, आणि तो पुठ्ठाही भिजून दोनदा बदलून झाला होता. बायकोने विचारलं की उत्तर ठरलेलं, "तात्पुरतं आहे गं, करतो." शेवटी तिनेच त्याचं नाव 'तात्पुरते मिस्त्री' ठेवलं आणि ते गल्लीभर झालं. त्याला त्याचा राग यायचा नाही. कुणी त्या नावाने हाक मारली तर तो हसून हात वर करायचा आणि कामाला निघून जायचा.

बाहेर मात्र हाच माणूस वेगळा. लोखंडाच्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. किराणा दुकानाच्या तळघराचं झाकण त्याने असं बसवून दिलं होतं की दुकानदाराची म्हातारी आई ते एकटी उघडायची, आणि उघडताना गिऱ्हाइकांकडे बघून घ्यायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजचं फाटक, पेंड-भुशाच्या गोदामाचा दरवाजा, सगळं त्याच्या हातचं. या लोकांना घाई असायची. ते येऊन त्याच्या वर्कशॉपच्या पायरीवर बसायचे, दोनदा चहा घ्यायचे, उठायचं नाव काढायचे नाहीत. मिस्त्रीला नाही म्हणता येत नसे. घरचं माणूस काही पायरीवर येऊन बसत नाही, त्यामुळे घरच्या कामाचा नंबर कधी लागलाच नाही.

मागच्या अंगणातली भट्टी हेही त्यातलंच एक काम. बायकोला धुरावरचं मांस करता यायचं. ते ती तिच्या वडिलांकडून शिकली होती. मांसाच्या मोठ्या तुकड्याला मीठ चोळून ठेवायचं, सुतळीने चहूबाजूंनी आवळून बांधायचं आणि दिवसभर मंद धुरात टांगायचं. विस्तव दिसता कामा नये, नुसता धूर फिरला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण घाई केली की वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. लग्नानंतर तिने एका पत्र्याच्या डब्यात हा प्रकार केला आणि मिस्त्रीने बोटं चाटून खाल्लं. त्याच उत्साहात त्याने भंगारातून तेलाची एक आडवी टाकी आणली, बाजूला विस्तवाचा कप्पा जोडला, वर धुराडं बसवलं. दारासाठी कुठल्याशा बॉयलरच्या कामातून उरलेला जाड पत्रा होता. पातळ पत्रा उष्णतेने वाकडा होतो आणि फटीतून धूर निघून जातो, म्हणून जाडच घेतला. दार वरच्या अंगाला बिजागऱ्यांवर होतं, पेटीच्या झाकणासारखं उचलायचं. उचललं की खाली पाइपाचा एक टेकू लावायचा.

"अहो, हे दार माणसाने उचलायचं की क्रेनने?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"टेकू आहे ना. तात्पुरता आहे. वजनाचं काहीतरी करून देतो."

ते काहीतरी राहिलं. भट्टी मात्र चालली, आणि चांगलीच चालली. दोन हॉटेलवाले नियमाने माल न्यायला लागले, शेजारचे आधीपासून सांगून ठेवायला लागले. ती रोज कंबरेचा जोर लावून दार उचलायची, गुडघ्याने आधार द्यायची, पायाने टेकू ओढून घ्यायची. तिला त्याची इतकी सवय झाली की हे सगळं करताना ती शेजारणीशी कुंपणावरून गप्पाही मारायची. दाराच्या पत्र्यावर तळहात क्षणभर टेकून ती सांगायची, "अजून एक लाकूड लागेल," किंवा "आता राहू दे." अधूनमधून दाराची आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, "हे एवढं गोदामाचं झालं की तुझंच." गोदामाचं झालं, मग दुसऱ्या कुणाचं आलं.

ज्या दिवशी टेकू निसटला त्या दिवशी वेगळं असं काही नव्हतं. वारा नव्हता, ती घाईत नव्हती. ती तुकडे फिरवायला वाकली होती, उजवा हात टाकीच्या काठावर होता, आणि पाइप सरकला. मिस्त्री वर्कशॉपमध्ये कुणाच्या तरी फाटकाला बिजागरी लावत होता. त्याला आधी लोखंडाचा आवाज ऐकू आला आणि मग तिचा. तो धावत आला आणि त्याने दार उचललं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून उचलावं लागलं त्याला. हे दार ती रोज उचलत होती, हे त्याला त्या क्षणी कळलं.

दोन बोटं गेली. उरलेली राहिली, पण ती मिटेनात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, रबराचा चेंडू दाबायला दिला. तिने महिनोन् महिने तो चेंडू दाबला आणि हाताने काही दाद दिली नाही. सुतळीची गाठ मारता येईना, मीठ चोळता येईना. वेणी घालता येईना म्हणून मिस्त्री घालायला लागला. पहिल्या दिवशी त्याने ती इतकी घट्ट आवळली की तिच्या भुवया वर गेल्या. ती हसेल असं त्याला वाटलं, पण ती आरशात बघत नुसती बसून राहिली.

दवाखान्यात तिची धाकटी बहीण आली होती. ती तोंडाची फटकळ, आणि त्या दिवशी तर तिने काही बाकी ठेवलं नाही. "भाऊजी, सगळ्या गावाची दारं हलकी करून देता तुम्ही. घरातल्या दाराने काय घोडं मारलं होतं तुमचं?" मिस्त्री उत्तर द्यायला थांबला नाही. पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ व्हरांड्यातल्या नळाशी उभा राहिला. आत दोघी बहिणी काय बोलल्या ते त्याला कधी कळलं नाही, आणि विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

बायको त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, आदळआपट केली असती, चार दिवस माहेरी जाऊन बसली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटायचं. ती फक्त मागच्या अंगणात जायची बंद झाली. पूर्वी ती भाजी निवडायला मागच्या पायरीवर बसायची, आता पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून बसायला लागली. हॉटेलवाल्यांचे फोन काही दिवस आले, मग थांबले. स्वयंपाकघरात एखादं झाकण पडलं तर ती दचकून हात छातीशी घ्यायची. ते पाहून मिस्त्रीच्या मनाने घेतलं की हिला भीती बसली आहे, आणि भीती गेली की सगळं ठीक होईल. माणसाला ज्याचं औषध आपल्या हातात असतं तोच रोग दिसतो, आणि मिस्त्रीच्या हातात लोखंड होतं.

त्याने जुनी भट्टी गॅसने कापली आणि तुकडे भंगारवाल्याला देऊन टाकले. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "भट्टी चांगली होती." मग त्याने नवी करायला घेतली. या वेळी पायरीवर कुणी येऊन बसलं तर तो म्हणायचा, "आत्ता जमायचं नाही, घरचं काम आहे." गॅरेजवाल्याला ते खरंच वाटेना. "तब्येत बरी आहे ना?" असं त्याने दोनदा विचारलं.

काम मात्र त्याने देखणं केलं. विस्तवाचा कप्पा जाड, त्याच्या आणि मांसाच्या मध्ये आडवा पत्रा, म्हणजे धूर सरळ अंगावर न येता वळून यावा. आकडे सरकते ठेवले, म्हणजे आत वाकायला नको. दाराची मूठ लाकडाची केली आणि डाव्या अंगाला बसवली, तिच्या कोपराच्या उंचीला. उंची घ्यायला त्याने तिला विचारलं नाही. ती ओट्याशी उभी असताना भिंतीवरच्या फरशीची रेघ लक्षात ठेवली आणि नंतर टेपने मोजली.

सगळ्यात शेवटी दार राहिलं. पत्रा तेवढाच जाड होता, तो कमी करून चालणार नव्हतं. मिस्त्रीने दाराला दोन्ही बाजूंनी पाइपाचे हात जोडले, बिजागरीच्या मागे चांगले लांबवर जाणारे, आणि मागची दोन्ही टोकं आडव्या दांडीने एक केली. त्या दांडीला एक रिकामी बादली टांगली. मग भंगाराचा डबा जवळ ओढून तो बादलीत एकेक तुकडा टाकत गेला. मोडके बोल्ट, सळयांची टोकं, एक झिजलेलं दातेरी चाक. दर थोड्या वेळाने पुढे येऊन दार उचलून बघायचा. आधी दोन्ही हात लागले, मग एक. बादली अर्ध्यावर गेली तेव्हा दार मनगटाने उचललं जायला लागलं. मग तो मोठे तुकडे सोडून नट टाकायला लागला, मग नटाखालच्या चकत्या, वायसर. शेवटची मूठभर वायसर पडली आणि त्याने दाराला नुसता हात लावला, तर ते वर गेलं. मध्येच हात काढला तर तिथेच थांबलं. तेवढं वजनदार दार हवेत थांबलेलं आणि खाली टेकूबिकू काही नाही.

मिस्त्री लहान पोरासारखा खूश झाला. त्याने दार चार ठिकाणी थांबवून बघितलं. मग त्यातली थोडी वायसर परत काढली, म्हणजे बंद झाल्यावर दार आपल्या वजनाने घट्ट बसावं, भलतंच उघडू नये, आणि मध्ये सोडलं तरी थांबून राहावं. बादलीतलं सगळं एका जाड नळीत भरलं, तोंडं वेल्डिंगने बंद केली, नळी मागच्या दांडीला पक्की केली. उन्हं कलायच्या आत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी त्याने दाराच्या कडेने काचेच्या धाग्याची जाड दोरी बसवली, धूर अडायला आणि आवाजही. दार मिटताना आता कुठेही आपटत नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने स्वतःशी शीळ घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली. मधूनमधून तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचा. खिडकीत कुणी नसायचं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. आधी शेजारीण आली, मग किराणा दुकानदार, मग गॅरेजवाला. प्रत्येकाने दार उघडून बघितलं, मिटून बघितलं, पुन्हा उघडलं. शेजारणीच्या नातीने ते उघडलं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मिस्त्री वरवर "त्यात काय एवढं" म्हणत होता आणि आतून फुगत होता. हे सगळं कौतुक भिंतीपलीकडे तिच्या कानावर जात असेल, कधीतरी ती उठून बघायला येईल, असा त्याचा हिशोब होता. ती येत नव्हती. तो जेवताना म्हणायचा, "दार झालं बरं का." ती म्हणायची, "हो का," आणि डाव्या हाताने भात कालवत राहायची.

एका रविवारी मटणवाला आला. तो तिचा जुना स्नेही, तिला माल तोच द्यायचा. जाड, बडबड्या, मनाने साफ. येताना तो एक चांगला मोठा तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आला होता. "वहिनींच्या हातचं खाऊन जमाना झाला," असं मोठ्याने म्हणत तो थेट मागे गेला आणि भट्टीभोवती एक चक्कर मारून दारापाशी थांबला.

"उघडा," मिस्त्री म्हणाला. "एका बोटाने उघडतं."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मटणवाल्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याने बोटाने दार उघडलं, मध्ये थांबवलं, खाली वाकून टेकू शोधला, मागे जाऊन ती नळी बघितली. "कमाल आहे हो मिस्त्री. मानलं तुम्हाला. किती दिवस खपलात यावर?"

"दिवस कसले?" मिस्त्री म्हणाला. कित्येक दिवसांत त्याला कुणी इतकं मनापासून मानलं नव्हतं, आणि त्याचा आवाज आपोआप चढला. "बाकीच्या सांगाड्याला लागले. दाराचं म्हणाल तर एका दुपारचं काम. चार तुकडे भंगार आणि एक बादली. जेवून उठलो, चहापर्यंत तयार."

मागच्या पायरीवर पावलं वाजली. दोघांनी वळून बघितलं तर ती दारात उभी होती.

मिस्त्रीला आनंद झाला. ती पायऱ्या उतरून आली. सावकाश, पण कुठे न अडखळता. मटणवाला बाजूला सरकला. "या वहिनी, या. हात लावून तर बघा, नवऱ्याने काय केलंय तुमच्यासाठी."

तिने डावा हात मुठीवर ठेवला. मूठ बरोबर तिच्या कोपराच्या उंचीला होती. दार वर गेलं. तिने ते अर्ध्यात सोडलं, ते तिथे थांबलं. मग तिने अगदी शांतपणे उजवा हात, तो तसला हात, भट्टीच्या काठावर ठेवला, दाराच्या बरोबर खाली, आणि वर दाराकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. दचकणं नुसतं अंगाचं होतं; भीती तिला नव्हतीच, कधीच नव्हती, हे त्याला तेव्हा दिसलं, आणि मग एवढे दिवस तिला दुसरं काय झालं होतं ते त्याला कळेना.

मटणवाल्याला आपण इथे थांबू नये एवढं समजलं. कागदातला तुकडा पायरीवर ठेवून तो "येतो मग" म्हणत बाजूच्या बोळातून निघून गेला.

तिने हात काढून घेतला आणि दार मिटलं. आवाज झाला नाही.

"खरंच एका दुपारचं काम होतं?" तिने विचारलं.

तो नाही म्हणू शकला असता. दोरी दुसऱ्या दिवशी लावली, हे तर खरंच होतं. पण तिच्यासमोर त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं, आणि आत्ताच तर तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला होता. "हो," तो म्हणाला. "म्हणजे... हो."

तिने मुठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मला वाटायचं अवघड असेल."

"काय अवघड?" त्याने विचारलं.

"तेव्हा दवाखान्यात धाकटी तुम्हाला तसं बोलली ना, मी तिच्यावर चिडले होते. म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. गोदामाचं वेगळं, भट्टीचं वेगळं. आत विस्तव असतो, पत्रा एवढा जाड. होण्यासारखं असतं तर त्यांनी केलं नसतं का? माझ्यासाठी केलं नसतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. ती त्याला समजावून सांगत असल्यासारखं बोलत होती. "घरी आल्यावरही तेच. रात्री झोप लागली नाही की मी मनाशी म्हणायचे, अवघड काम असणार, जमण्यासारखं नसणार. तेवढं म्हटलं की मला बरं वाटायचं. तुम्ही ही नवी करायला घेतलीत तेव्हाही मी देवाला म्हणत होते, हे लवकर होऊ नये. यांना वर्ष लागू दे. चुकू दे, पुन्हा करावं लागू दे."

"अगं..."

"चार वर्षं मागत होते मी. एक दुपार होती ती."

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की रोज मनात यायचं, की कामं संपत नसत, की त्याला वाटायचं वेळ आहे. त्यातलं काहीच खोटं नव्हतं आणि काहीच सांगण्यासारखं नव्हतं. तो हुंदका देऊन रडला असता तर ती कदाचित जवळ आली असती, तिचा तो स्वभावच होता, आणि म्हणून त्याने रडू आवरलं. तेवढं तरी तो करू शकत होता. तिने पायरीवरचा कागद डाव्या हाताने उचलला, मांस वाया जायला नको म्हणून, आणि आत गेली.

तो तिथेच भट्टीला पाठ लावून खाली बसला. अंगणातली सावली कुंपणापर्यंत गेली. शेजारीण वाळलेले कपडे काढून घेऊन, त्याच्याकडे एकदा बघून आत गेली. घरात भांड्यांचे आवाज येत होते, नळ सुरू झाला, बंद झाला. मग फोन वाजला. रविवारी संध्याकाळी तिच्या बहिणीचा फोन यायचा. काम करायला डावा हात मोकळा हवा, म्हणून ती फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा करून बोलायची, आणि तिचं बोलणं सगळं मागे ऐकू यायचं.

आधी जेवणाखाणाचं झालं, बहिणीच्या मुलाच्या दाताचं झालं. मग बहिणीने भट्टीचं विचारलं. मटणवाला तिच्याही ओळखीचा, त्याने घरी पोचायच्या आत कळवलं असणार. मिस्त्रीने मान वर केली.

"हो, बघितलं आज," बायको म्हणाली. "छान केलंय दार. अगदी हलकं."

पलीकडून बहीण बराच वेळ काहीतरी बोलली. आवाज धारदार होता, शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. ती दवाखान्यात जे बोलली होती तेच पुन्हा बोलत असणार, आणि ती तेव्हाही चूक नव्हती.

"नाही गं," बायको म्हणाली. मध्ये ती थांबली, आणि मिस्त्रीला वाटलं, आता ती सांगणार. सांगू दे, असंही त्याला वाटलं. "तुला काय कळतं त्यातलं. खूप अवघड असतं ते. बरेच दिवस खपत होते बिचारे."

मग तिने लगेच बहिणीला विचारलं की मुलाचा दात दुखतोय तो वरचा की खालचा.